काकांच्या बॅटवरचे दाणे : तालुक्यातल्या एका टेबलवर पिंपल रबरवरून झालेल्या भांडणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव वर्धा आणि यवतमाळच्या मधल्या पट्ट्यातलं, तालुक्याचं. नाव मुद्दाम लिहीत नाही आणि माणसांचीही नाही, कारण सगळे रोज सकाळी चहाच्या टपरीवर भेटतात आणि मला तिथे परत जायचं आहे.

जुन्या इमारतीतला वरचा हॉल, खाली शहाबादी फरशी, टेबल टेनिसचं एकच टेबल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. हॉलची चावी माझ्याकडे असते एवढंच माझं पद. खेळणारे बारा-चौदा जण : एक बँकवाले साहेब (नागपुरात कॉलेजला खेळलेले, आमच्यातले सगळ्यात भारी), दोन मास्तर, गुरांचे डॉक्टर, तलाठी भाऊ, कृषी केंद्रवाले काका, आणि तीन-चार पोरं, त्यात अकरावीतला एक मुलगा अन आठवीतली एक मुलगी जरा सिरियस. कोच वगैरे कोणी नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा पहाटे साडेपाचला खेळतो कारण पंखा लावला की बॉल उडतो, आणि दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की हवेतले कापसाचे तंतू रबरवर बसतात, दर गेमनंतर ओल्या फडक्याने बॅट पुसायची. हे तंतूंचं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

काका 56 वर्षांचे. दोन्ही गुडघे गेलेले. बॅकहँड आधीपासूनच कच्चा, त्यात वाकता येत नाही, म्हणून सगळे त्यांच्या बॅकहँडला जोरात टॉपस्पिन (पुढच्या बाजूला फिरत येणारा बॉल) नाहीतर खोल कट (उलटा, मागच्या बाजूला फिरणारा) टाकायचे आणि काका 11-4, 11-3 ने हरायचे. हसत हरायचे म्हणा. बॉलचा डबा पण तेच आणायचे, स्वतःच्या पैशाने, वर्षानुवर्षं. त्याचा हिशोब कोणीच कधी ठेवला नाही.

अडचण कुठून सुरू झाली

2023 ची दिवाळी झाली आणि काका नागपूरहून दुकानाचा माल घेऊन आले, सोबत एक नवी बॅट. त्यांच्या भाच्याने जुळवून दिलेली. पुढच्या बाजूला नेहमीचं काळं प्लेन रबर आणि मागे लाल, लांब दाण्यांचं पिंपल, खाली स्पंजच नाही, थेट लाकडावर चिकटवलेलं.

पहिल्या संध्याकाळी बँकवाले साहेब 11-5, 11-7, 11-3 ने हरले. साहेब कडक लूप, म्हणजे भरपूर टॉपस्पिनचा फटका, मारायचे, काका बॅट नुसती धरून ठेवायचे, बॉल हळूच परत यायचा आणि साहेबांचा पुढचा शॉट नेटमध्ये. पाच-सहा वेळा साहेबांनी स्वतःची बॅट पुसली, त्यांना वाटलं जिनिंगचे तंतू बसले म्हणून ग्रीप गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर हरले, मास्तर हरले. "अबे हा बॉल खालीच कायले जाऊन राहिला?" असं तलाठी भाऊ तीनदा म्हणाले आणि चौथ्यांदा बॅटच टेबलवर आपटली.

चौथ्या दिवशी त्या आठवीतल्या मुलीने पाहिलं. "काका, तुमच्या बॅटले मागून दाणे आहेत!"

काका म्हणाले, "हाव, आहेत ना. कोणी इचारलंच नाही तं मी काय सांगू."

खरं सांगायचं तर लपवलं पण नव्हतं आणि दाखवलं पण नव्हतं. बॅट कव्हरमधून निघायची ती काळी बाजू वर करून, गेम संपला की लगेच कव्हरमध्ये. नियम असा आहे की मॅच सुरू व्हायच्या आधी आपली बॅट समोरच्याला आणि अंपायरला दाखवायची, त्याला हातात घेऊन बघू द्यायची. आमच्याकडे हा नियम कोणाला माहीतच नव्हता कारण सगळ्यांच्या बॅटी दुकानातल्या तयार, दोन्हीकडे प्लेन. दाखवायला होतं काय?

आधी दाणे करतात काय ते

इथे थोडं थांबतो, कारण हे न समजल्यामुळेच सगळं झालं.

प्लेन रबर बॉलला पकडतं. समोरून कोणताही स्पिन आला तरी आपण घासून आपला स्पिन देऊ शकतो. लांब पिंपलचे दाणे मऊ असतात, बॉल आला की आडवे वाकतात, पकड जवळपास नाहीच. त्यामुळे बॉल ज्या बाजूने फिरत आला तसाच फिरत राहतो, फक्त जायची दिशा उलटते. समजा सायकलचं सुटं चाक गडगडत तुमच्याकडे आलं आणि तुम्ही त्याचं फिरणं न थांबवता नुसतं मागे ढकललं, तर चाक फिरतंय पूर्वीसारखंच पण जातंय उलट. म्हणजे साहेबांचा टॉपस्पिन साहेबांकडे कट होऊन परत. जितका कडक लूप तितका भारी कट. साहेब स्वतःच्याच ताकदीने हरत होते.

याचंच दुसरं टोक असं की पिंपलवाल्याला तुम्ही कट दिला तर तो येतो हलका टॉपस्पिन होऊन, थोडा उंच, आणि काहीच स्पिन दिला नाही तर काहीच येत नाही, मेलेला बॉल. पिंपलवाला स्वतः फारसा स्पिन काढू शकत नाही. ही त्याची मोठी कमजोरी, पण समोरच्याला माहीत असेल तरच.

सगळे दाणे सारखे नसतात हेही आम्हाला नंतर कळलं. आखूड दाणे फटक्यासाठी, जपानची मीमा इतो बॅकहँडला आखूडच वापरते. लांब दाणे समोरच्याला फसवायला आणि अडवायला, आपल्या मनिका बत्राच्या बॅकहँडला असतात. अँटी म्हणजे दिसायला प्लेन पण बिन-पकडीचं, ते आणखी वेगळं.

मतदान, म्हणजे माझी चूक

डिसेंबरभर कुरबूर. साहेब आठवड्यातून दोनच दिवस यायला लागले. पोरं काकांचा नंबर आला की पाणी प्यायला जायची. "हा गेम नाही, ही हातचलाखी आहे" असं एक मास्तर म्हणाले, आणि ते वाक्य गावभर फिरलं, काकांच्या दुकानापर्यंत पण गेलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मीटिंग बोलावली. मला वाटलं लोकशाहीने मिटवू. हात वर करून मतदान घेतलं, काका समोर बसलेले असताना. 9 विरुद्ध 3, पिंपल बंद. काका एक शब्द बोलले नाहीत. बॅट दुपट्ट्यात गुंडाळली, जिना एकेक पायरी करत उतरले, आणि महिनाभर आलेच नाहीत.

दोन आठवड्यांत बॉल संपले. कोणी आणायचे यावर पण मीटिंग घ्यावी लागली. हसू नका.

मग फेब्रुवारीत दोन गोष्टी एकामागे एक झाल्या. अकरावीतला मुलगा अमरावतीला एका ओपन स्पर्धेत गेला आणि पहिल्याच राउंडला 0-3 हरून आला. समोर केस पिकलेला, पोट सुटलेला माणूस, बॅकहँडला लांब दाणे. "सर, काकांसारखेच दाणे होते. अन तिथं कोणीच काही म्हणत नाही, अंपायरनं बॅट पाहिली अन परत देऊन दिली." हे सांगताना पोरगा माझ्याकडे असा पाहत होता की मी नजर चुकवली.

त्याच आठवड्यात, 16 फेब्रुवारी 2024 ला, बुसानच्या वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपमध्ये भारताच्या मुलींनी चीनला घाम फोडला. मॅच 2-3 ने गेली, पण ऐहिका मुखर्जीने वर्ल्ड नंबर एक सुन यिंगशाला 3-1 ने हरवलं आणि ऐहिकाच्या बॅकहँडला अँटी रबर. हॉलमध्ये मोबाईलवर क्लिप बघत सगळे टाळ्या वाजवत होते. गुरांचे डॉक्टर हळूच म्हणाले, "हे चालते, अन काकाचं नाही चालत?" कोणी उत्तर दिलं नाही.

काय काय करता आलं असतं

बंदी तशीच ठेवणं हा सगळ्यात सोपा रस्ता. भांडण नाही, पण बाहेर पिंपल चालतंच, मग आमची पोरं प्रत्येक स्पर्धेत पहिल्यांदाच दाणे बघणार आणि पहिल्याच राउंडला घरी. उरलेले पर्याय सगळे अर्धवट होते. साहेब म्हणाले काकांनी समोरच्याला 3 पॉइंट आधीच द्यावे. एकाने सुचवलं पिंपल फक्त रविवारी. तिसरं म्हणजे काकांनीच प्लेनवर परत यावं, पण ते म्हणजे त्यांना घरी बस म्हणण्यासारखंच, गुडघे काही परत येणार नव्हते.

सगळ्यांची तोंडं बंद केली आमच्या जुन्या सरांनी. ते साठच्या दशकात नागपुरात खेळलेले, आता फक्त खुर्चीत बसून बघतात. ते म्हणाले, तुम्ही ज्याला खरा गेम म्हणता तोच आधी चीटिंग समजायचे. 1952 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप आपल्या मुंबईत झाली, तेव्हा सगळे दाण्याच्याच रबरने खेळायचे, टकटक आवाज यायचा. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला, त्यावर दाणेच नाहीत, आवाजच नाही, लोकांना बॉल कधी लागला ते कळेना, आणि सातो चॅम्पियन झाला. बंद करा म्हणून ओरड झाली. शेवटी 1959 मध्ये नुसता स्पंज बंद केला, पण रबरखालचा स्पंज जाडीला मर्यादा घालून ठेवला, स्पंजसकट 4 मिलिमीटर. "म्हणजे दाणेवाले जुने रहिवासी, अन तुम्ही मागून आलेले भाडेकरू," असं म्हणून सर चहा प्यायला लागले.

यावर वाद घालणारा कोणी उरला नाही.

काय केलं

आधी मी काकांच्या दुकानात गेलो, एकटा. खताच्या पोत्यांवर बसलो. म्हणालो काका, चुकलं, मतदान घ्यायला नको होतं. काकांनी बिलबुकातून मान वर केली नाही. "मी काही चोरी करत नव्हतो भाऊ. गुडघे दुखते म्हणून लावलं. पण दाखवायले पाह्यजे होतं, ते बी खरं." मग चहा सांगितला. चहा सांगितला म्हणजे मिटलं.

पण मिटलं नव्हतं. मी बॅट हातात घेऊन नीट पाहिली आणि तिथे दुसराच प्रश्न निघाला. चालणाऱ्या रबरवर हँडलजवळ आयटीटीएफचा (टेबल टेनिसच्या जागतिक संघटनेचा) शिक्का असतो, सोबत कंपनीचं नाव आणि रबरचं नाव, आणि ते रबर आयटीटीएफच्या चालू यादीत असावं लागतं. काकांच्या रबरवर शिक्काच नव्हता. जुनं, भाच्याच्या पेटीत पडलेलं, दाण्यांवर बोट फिरवलं तर काचेवर फिरवल्यासारखं. बिन-घर्षणाचे लांब दाणे 2008 पासून बंद आहेत. दाण्याच्या आकाराला पण मर्यादा आहे, उंची जाडीच्या 1.1 पटीपेक्षा जास्त नको आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये 10 ते 30 दाणे. ते सगळं मोजायची साधनं माझ्याकडे नाहीत, पण शिक्का आहे की नाही हे आंधळ्याला पण कळतं.

म्हणजे मतदान करणारे नऊ जण चुकीच्या कारणाने बरोबर होते. हे त्यांना सांगायचं की नाही यावर मी दोन रात्री विचार केला. सांगितलं. लपवलं असतं तर परत तेच, कव्हरमधली बॅट. एक-दोघांनी "पाय, आमी म्हणतच होतो" केलं, ते ऐकून घ्यावंच लागलं.

काकांनी शिक्क्याचं नवं लांब पिंपल मागवलं, दीड-दोन हजार गेले. कापसाचे तंतू दाण्यांच्या मध्ये अडकायचे ते काका जुन्या टूथब्रशने काढायचे. नवीन रबरला थोडी पकड होती त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे काकांचे बॉल टेबलच्या बाहेर, फार हरले बिचारे. मला आतून वाटत होतं की आता सोडून देतात. नाही सोडलं.

हॉलच्या दारावर एक कागद लावला, दोनच ओळी. खेळायच्या आधी बॅट समोरच्याच्या हातात द्यायची. शिक्का नसेल तर मॅच नाही, प्रॅक्टिस चालेल. दोन बाजूंना दोन रंग आमच्याकडे आपोआप होतेच. पण तो नियम पण अशाच भांडणातून आला आहे : पूर्वी दोन्ही बाजू एकाच रंगाच्या करून लोक हातात बॅट फिरवायचे आणि आवाजावरून कळू नये म्हणून पाय आपटायचे, मग 1986 पासून एक बाजू काळी आणि एक लाल. आता काळ्यासोबत दुसरे रंग पण चालतात.

मग बुधवार आणि शनिवार काका पोरांसोबत, सुरुवातीला फक्त पिंपलच्या बाजूने. मी एक आयडिया केली, मार्करने अर्धा बॉल निळा रंगवला. फिरणारा बॉल धुरकट निळसर दिसतो, न फिरणाऱ्या बॉलवर निळा आणि पांढरा भाग वेगळा दिसतो. पोरांना दहा मिनिटांत कळलं जे मी महिनाभर बोलून सांगू शकलो नसतो. त्यानंतर चार गोष्टी रोज : पिंपलला लांब, बिनस्पिनची सर्व्हिस टाका, तिला काका काहीच करू शकत नाहीत. एक टॉपस्पिन मारला की येणारा बॉल कट असणार, त्याला परत मारायचं असेल तर खालून वर घासून, हळू, नाहीतर सरळ पुश करा, म्हणजे हलका कट देऊन ढकला. पुश केलात तर पुढचा येणार उंच आणि मोकळा, तो मारा. आणि काकांनी हातात बॅट फिरवली का ते बघत राहा, लाल लागलं की काळं. शेवटचीच गोष्ट सगळ्यात अवघड, कारण काका तोपर्यंत फिरवायला शिकले होते, म्हातारा फारच बदमाश निघाला.

साहेब सुरुवातीला या दिवशी यायचे नाहीत. एका शनिवारी आले, कोपऱ्यात उभे राहिले, आठवीतल्या मुलीने काकांना 11-9 ने हरवलेलं पाहिलं आणि म्हणाले, "तो निळा बॉल मले बी द्या जरा."

काय झालं

सगळं गोड झालं असं नाही. तलाठी भाऊ आणि एक मास्तर परत आले नाहीत, ते आता बॅडमिंटनला जातात. मास्तर अजूनही म्हणतात की दाण्याने गेम मरतो, रॅली होत नाही, आणि खरं सांगू का, यात थोडं तथ्य आहे. दोन पिंपलवाले एकमेकांसमोर आले तर बघणाऱ्याला झोप येते.

साहेब एप्रिलपर्यंत काकांना हरवायला लागले, बहुतेक 11-8 च्या आसपास. आता काकांचा निकाल अर्धा-अर्धा. जे घाई करतात ते अजून हरतात, डॉक्टर तर दर वेळी. मुलगा पावसाळ्यानंतर परत स्पर्धेला गेला, पहिल्या राउंडला पिंपलवाल्याला 3-1 ने काढला आणि दुसऱ्या राउंडला प्लेनवाल्याकडून हरला. घरी आला तो नाराज. मी मात्र खूष होतो, पण त्याच्यासमोर दाखवलं नाही.

बॉलचा डबा आता वर्गणीतून येतो.

परत करायचं झालं तर

मतदान घेणार नाही, हे पहिलं. बॅट कोणती चालते याची उत्तरं लिहून ठेवलेली आहेत, ती वाचायची सोडून मी हात वर करायला लावले आणि एका माणसाला नऊ जणांसमोर एकटं बसवलं. त्याच संध्याकाळी रबरवरचा शिक्का बघितला असता तर प्रश्न पाच मिनिटांचा होता : काका, हे रबर चालत नाही, चालणारं आणा, तोवर प्रॅक्टिस खेळा. कोणाचा अपमान नाही, कोणाचा विजय नाही.

दुसरं म्हणजे पोरांना चारही गोष्टी एकाच आठवड्यात सांगितल्या ते जास्त झालं, मुलगा स्पर्धेत प्रत्येक बॉलला विचार करत बसला. आधी फक्त बिनस्पिनची सर्व्हिस आणि पुश एवढंच महिनाभर पुरलं असतं. आणि साहेबांशी मी वेगळं बोलायला हवं होतं. त्यांना रबरापेक्षा जास्त लागलं ते हे की ज्याला ते वर्षानुवर्षं बॅकहँडला हरवत होते त्याच बॅकहँडने त्यांना हरवलं. हे मला फार उशिरा दिसलं.

एक निर्णय अजून बाकी आहे. आठवीतली मुलगी आता नववीत गेली, तिला पिंपल लावायचं आहे. माझं मत नको असं आहे, आधी प्लेनवर बॅकहँड पक्का होऊ द्यावा, कारण लवकर दाणे लावले की मनगट स्पिन काढायचंच विसरतं. काका माझ्याहून कडक विरोधात. "माझे गुडघे गेले म्हणून मी दाणे लावले. तुले कायले पाह्यजे, पळता येते ना तुले?" ती म्हणाली, "मनिका बत्राचे गुडघे गेले होते का काका? 2018 ला कॉमनवेल्थचं गोल्ड पिंपलवरच आणलं ना तिनं." काका माझ्याकडे बघायला लागले. शेवटी एक वर्ष थांब असं ठरलं, आणि तिने हॉलमधल्या कॅलेंडरवर तारखेला निळ्या मार्करने गोल करून ठेवला आहे.